वेडी होणे आणि वेडी ठरणे : 'गॅसलाइट'मधील ज्योतीची साक्ष

एखाद्या कलाकृतीचे शीर्षक भाषेत क्रियापद होऊन बसावे, असे क्वचितच घडते. पॅट्रिक हॅमिल्टन या इंग्रज लेखकाच्या 'गॅस लाइट' (१९३८) या नाटकाच्या आणि त्यावरून निघालेल्या दोन चित्रपटांच्या (१९४० व १९४४) वाट्याला हे आले. 'मेरिअम-वेबस्टर' या अमेरिकन शब्दकोशाने २०२२ साली 'गॅसलायटिंग' हा त्या वर्षाचा शब्द म्हणून जाहीर केला. त्या वर्षी हा शब्द कोशात शोधणाऱ्यांचे प्रमाण १,७४० टक्क्यांनी वाढल्याची नोंदही कोशकारांनी केली. शब्दाला अशी प्रतिष्ठा लाभत असताना ज्या कृतीतून तो निघाला ती मात्र मागे पडत गेली. आज हा शब्द वापरणाऱ्यांपैकी अनेकांची अशी समजूत असते की, पत्नीला वेड लागावे म्हणून चित्रपटातला नवरा घरातले दिवे मुद्दाम मंद करतो. मूळ संहितेत दिवा मंद होण्यामागे असा कोणताही हेतू नाही. किंबहुना त्या घरात नवऱ्याच्या कारस्थानाबाहेर राहिलेली एकमेव गोष्ट कोणती असेल, तर ती दिव्याची ज्योत होय. शब्दाने शस्त्र म्हणून जिचे स्मरण ठेवले, ती कृतीमध्ये साक्षीदार आहे. हा विपर्यास किरकोळ नाही. त्याच्या मागे जाऊ लागले की या कृतीचा खरा विषय आणि तिची ऐतिहासिक मुळे, दोन्ही हाती लागतात.

जॉर्ज क्यूकर दिग्दर्शित १९४४ च्या चित्रपटाचे कथानक थोडक्यात असे. लंडनमधील थॉर्नटन चौकातल्या नऊ क्रमांकाच्या घरात अ‍ॅलिस अल्क्विस्ट या प्रख्यात गायिकेचा खून होतो. तिने वाढवलेली भाची पॉला (इन्ग्रिड बर्गमन) गाणे शिकण्यासाठी इटलीत पाठवली जाते. तेथे ग्रेगरी अँटन (शार्ल ब्वाये) या पियानोवादकाच्या प्रेमात पडून ती त्याच्याशी विवाह करते आणि त्याच्याच आग्रहावरून मावशीच्या त्या घरी राहावयास येते. त्यानंतर वस्तू हरवू लागतात. नवऱ्याने दिलेली ब्रोच पिशवीतून नाहीशी होते, भिंतीवरचे चित्र जागेवरून गायब होऊन दडवलेल्या ठिकाणी सापडते, नवऱ्याचे घड्याळ भर मैफलीत तिच्याच पिशवीतून निघते. आपण वस्तू लपवतो आणि विसरून जातो, हे तिला हळूहळू पटू लागते. रात्री नवरा कामाच्या निमित्ताने बाहेर पडला की तिच्या खोलीतील गॅसचा दिवा आपोआप मंद होतो आणि बंद ठेवलेल्या माळ्यावर पावले वाजतात. ग्रेगरी हाच गायिकेचा खुनी आहे. त्या वेळी हाती न लागलेली रत्ने शोधण्यासाठी तो रोज रात्री रिकाम्या शेजारघरातून छपरावर चढून आपल्याच घराच्या माळ्यावर उतरतो. पत्नी वेडी ठरून इस्पितळात गेली की घर त्याच्या एकट्याच्या ताब्यात येणार आहे.

माळ्यावर शोधाशोध करायची तर उजेड हवा. तो तेथला गॅसचा दिवा लावतो. व्हिक्टोरियन काळातील घरांमध्ये गॅस नळ्यांतून खोल्याखोल्यांत खेळवलेला असे. एका टोकाला नवा दिवा पेटला की नळीतला दाब घटून दुसरीकडची ज्योत खाली येई. त्या काळच्या प्रत्येक गृहस्थाला हे ठाऊक होते. मराठी वाचकाच्या मनात मात्र गॅसबत्ती म्हटली की वरातीत डोक्यावरून नेली जाणारी, पंप मारून पेटवलेली बत्ती उभी राहते. ती स्वयंपूर्ण असते, शेजारच्या बत्तीशी तिचा काही संबंध नसतो. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली नळाचा गॅस उजळला खरा, पण या शहराच्याही बहुसंख्य घरांत तो कधी शिरला नाही. म्हणून या कृतीमधील दिव्याचे मर्म आपल्याकडे मुद्दाम समजून घ्यावे लागते. नळीचा गॅस घरातील सर्व खोल्यांना एकमेकींशी बांधून टाकतो. माळ्यावर काय चालले आहे, हे खालच्या खोलीतली ज्योत सांगत असते, आणि माळ्यावरच्या माणसाला ती दिसू शकत नाही. संपूर्ण घरात काय दिसावे, काय हरवावे, कोणाला काय आठवावे, हे ठरवणारा ग्रेगरी या एका बाबतीत आंधळा आहे. त्याचे गुपित फोडणारा उजेड त्यानेच लावलेला आहे.

पॉला ज्योत मंद झालेली पाहते तेव्हा ती बरोबर पाहत असते. तिच्या ज्ञानेंद्रियांत दोष नाही, अनुमानशक्तीतही फारसा नाही. तिच्याजवळ दुसरा पाहणारा नाही, एवढेच. घरात आणखी कोणी गॅस लावला का, असे ती मोलकरणींना विचारते. कोणीच लावलेला नसतो. एलिझाबेथ ही म्हातारी स्वयंपाकीण कानाने कमी ऐकते, त्यामुळे माळ्यावरची पावले तिला ऐकू येत नाहीत. नॅन्सी ही तरुण मोलकरीण मालकिणीला तुच्छ लेखते. पाहणे आणि खरे ठरणे यांच्यामध्ये समाज उभा असतो, ही ज्ञानशास्त्रातील गोष्ट हा चित्रपट कोणतीही परिभाषा न वापरता, तीन स्त्रिया आणि एक दिवा यांच्या मांडणीतून सांगतो. पुढे ब्रायन कॅमरून हा पोलीस अधिकारी घरात येतो, त्याच्या डोळ्यांदेखत ज्योत खाली येते आणि तीही त्याने पाहिली आहे हे पॉलाच्या लक्षात येते. तो क्षण चित्रपटाचा खरा उत्कर्षबिंदू आहे. खुनी पकडला जाण्याचा प्रसंग त्यामानाने औपचारिक वाटतो. बर्गमनच्या चेहऱ्यावर त्या वेळी सुटकेबरोबरच अविश्वासही उमटतो. इतके दिवस नाकारली गेलेली गोष्ट खरी होती, हे कळण्याचाही एक धक्का असतो.

मराठीत 'वेडी होणे' आणि 'वेडी ठरणे' अशी दोन क्रियापदे आहेत, आणि त्यांच्यातील अंतर हाच या कृतीचा प्रदेश आहे. 'होणे' ही मनाची घटना आहे. 'ठरण्या'ला ठरवणारे लागतात आणि ठरवण्याची रीत लागते. मानसिक विघटनाचे इतर अभिजात चित्रपट 'होण्या'चे आहेत. रोमान पोलान्स्कीच्या 'रिपल्शन' (१९६५) मध्ये कॅथरीन दनव्हने साकारलेली कॅरोल लंडनमधील एका सदनिकेत एकटी राहते, आणि तिच्याभोवतीच्या भिंती तडकतात, भिंतींतून हात बाहेर येतात. ते हात आहेत की नाहीत, हा प्रश्न तेथे निरर्थक असतो, कारण कॅमेराच तिच्या मनात शिरलेला असतो. 'गॅसलाइट'चा कॅमेरा असे काही करत नाही. तो पॉलाच्या भ्रमांचे चित्रण करत नाही, कारण तिला भ्रम होतच नाहीत. दिवा मंद होतो तो खरोखर मंद होतो, पावले वाजतात ती खरोखर वाजतात. प्रेक्षक प्रत्येक वेळी तिच्या बाजूने साक्ष देऊ शकतो, पण त्याची साक्ष पडद्यापलीकडे पोहोचत नाही. चित्रपटातील तणाव या असहायतेतून निर्माण होतो. त्यामुळे 'एका स्त्रीच्या मनाच्या ढासळण्याचा चित्रपट' हे त्याचे प्रचलित वर्णन अपुरे आहे. ढासळते ते तिचे स्वतःच्या डोळ्यांना प्रमाण मानण्याचे धैर्य.

ठरवण्याची ही रीत हॅमिल्टनने कल्पनेतून रचलेली नव्हती. त्याने नाटकाचा काळ १८८० असा निवडला आणि 'व्हिक्टोरियन थरारनाट्य' असे त्याचे उपशीर्षक दिले. पुष्कळ समीक्षकांनी याकडे धुके, घोडागाड्या आणि मखमली पडदे यांचा हौसेचा साज म्हणून पाहिले. वास्तविक इंग्लंडमधील स्त्रीच्या कायदेशीर इतिहासात १८८० च्या आगेमागची वर्षे निर्णायक आहेत. १८४५ च्या वेडेपणाविषयक कायद्यानुसार खाजगी रुग्णाला वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यासाठी एखाद्या नातेवाइकाची मागणी आणि दोन डॉक्टरांची प्रमाणपत्रे पुरत. न्यायाधीशाची गरज नसे. पतीने मागणी केली आणि दोन वैद्य मिळाले की पत्नीची रवानगी होऊ शकत असे. कादंबरीकार व राजकारणी एडवर्ड बुलवर लिटनपासून विभक्त राहणारी त्याची पत्नी रोझिना हिने १८५८ साली निवडणुकीच्या सभेत त्याची जाहीर निंदा केली, तेव्हा तिला असेच इस्पितळात कोंडण्यात आले. वृत्तपत्रांतून गदारोळ उठल्यावर काही आठवड्यांत तिची सुटका करावी लागली. विल्की कॉलिन्सची 'द वुमन इन व्हाइट' ही कादंबरी लगेचच, १८५९-६० मध्ये, क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यात संपत्तीसाठी पत्नीला वेडी ठरवून कोंडणारा नवरा आहे. हॅमिल्टनचे नाटक याच कुळातले.

जॉर्जिना वेल्डन या गायिकेचे प्रकरण तर 'गॅसलाइट'च्या आणखी जवळचे आहे. १८७८ मध्ये तिच्या नवऱ्याने तिला इस्पितळात पाठवण्याची व्यवस्था केली. प्रमाणपत्रांसाठी आलेले डॉक्टर आपली ओळख लपवून तिच्याशी बोलून गेले होते. ती निसटली आणि प्रमाणपत्रांची मुदत संपेपर्यंत लपून राहिली. त्यानंतर या सर्वांना न्यायालयात खेचावे असे तिच्या मनात असूनही विवाहित स्त्रीला स्वतंत्रपणे दिवाणी दावा लावता येत नव्हता. १८८२ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याने तो अधिकार दिला आणि वेल्डनने एकामागून एक खटले गुदरले. मालमत्ता आणि वेड हे दोन विषय कायद्याच्या पुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत असले तरी स्त्रीच्या आयुष्यात ते एकाच दाराने आत येत, हे या प्रकरणातून दिसते. जिला मालमत्ता बाळगता येत नाही तिला दावाही लावता येत नाही, आणि जिला दावा लावता येत नाही तिचे शहाणपण सिद्ध होण्याचा मार्गच बंद होतो. खाजगी रुग्णाला कोंडण्यासाठी न्यायिक आदेश आवश्यक ठरला तो पुढे १८९० च्या कायद्याने. १९४४ च्या चित्रपटात ग्रेगरी पॉलाला इस्पितळात पाठवण्यासाठी दोन डॉक्टर येणार असल्याचे सांगतो. 'दोन' हा आकडा भयनिर्मितीसाठी योजलेला तपशील नाही. तो कायद्यातून आला आहे. घर पॉलाचे आहे, तिला ते मावशीकडून मिळाले आहे. ग्रेगरीने विवाह केला तो घराशी, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

नाटकाचा पहिला प्रयोग लंडनजवळच्या रिचमंड येथे डिसेंबर १९३८ मध्ये झाला आणि जानेवारी १९३९ पासून ते लंडनच्या अपोलो नाट्यगृहात चालले. एक दिवाणखाना, एक संध्याकाळ आणि मोजकी पात्रे अशी त्याची बांधणी आहे. बेला मॅनिंगहॅमला तिचा नवरा जॅक छळतो; रफ नावाचा निवृत्त, वयस्क गुप्तहेर येऊन तिची सुटका करतो. नाटकातली बेला पॉलापेक्षा एका बाबतीत पुढे आहे. नवरा बाहेर गेल्यावर दिवा खाली येतो आणि तो परतण्यापूर्वी पुन्हा वर चढतो, हा संबंध तिने स्वतःच जुळवलेला असतो. अनुमान पुरे झालेले असते, ते उच्चारण्याची हिंमत तेवढी नसते. अमेरिकेत हे नाटक 'एंजल स्ट्रीट' या नावाने ५ डिसेंबर १९४१ रोजी ब्रॉडवेवर आले. दोनच दिवसांनी पर्ल हार्बरवर हल्ला झाला. तरी त्याचे १,२९५ प्रयोग झाले. व्हिन्सेंट प्राइस आणि ज्यूडिथ एव्हलिन यांनी पतिपत्नींच्या भूमिका केल्या होत्या.

१९४० मध्ये थॉरॉल्ड डिकिन्सन या ब्रिटिश दिग्दर्शकाने केलेल्या पहिल्या चित्रपटात अँटन वॉलब्रुक आणि डायना विन्यार्ड होते. हा चित्रपट आटोपशीर आहे, क्यूकरच्या चित्रपटासारखा ऐसपैस नाही. पतिपत्नींमधील क्रौर्य त्यात अधिक उघडे आहे. वॉलब्रुकचा पॉल मॅलन पत्नीला मोलकरणीसमोर अपमानित करताना जो बारकावा दाखवतो, त्यापुढे ब्वायेचा मखमली आवाज काही वेळा फार सुंदर वाटू लागतो. मेट्रो-गोल्डविन-मेयर या कंपनीने कथेचे हक्क विकत घेतले तेव्हा या पहिल्या चित्रपटाच्या प्रती आणि मूळ निगेटिव्हही नष्ट करण्याचा प्रयत्न केला, असे चित्रपटाच्या इतिहासात नेहमी सांगितले जाते; डिकिन्सनने स्वतःसाठी एक प्रत आधीच काढून ठेवली होती, अशीही आठवण त्याला जोडली जाते. तपशील कसाही असो, डिकिन्सनचा चित्रपट दीर्घकाळ दृष्टिआड राहिला आणि 'गॅसलाइट' म्हणजे क्यूकरचाच चित्रपट असे समीकरण रूढ झाले. वस्तू लपवून ती कधी नव्हतीच असे पटवण्याच्या कथेवर हा प्रसंग यावा, यातली विसंगती कोणाच्याही नजरेत भरेल. ब्रिटनमध्ये क्यूकरचा चित्रपट 'द मर्डर इन थॉर्नटन स्क्वेअर' या नावाने दाखवला गेला, कारण पहिले नाव तेथे आधीच वापरले गेले होते.

जॉन व्हॅन ड्रूटेन, वॉल्टर राइश आणि जॉन बाल्डरस्टन यांनी क्यूकरसाठी लिहिलेल्या पटकथेत दोन बदल महत्त्वाचे आहेत. पहिला बदल गाण्याचा. नाटकातली मृत अ‍ॅलिस बार्लो ही श्रीमंत वृद्धा आहे. चित्रपटातली अ‍ॅलिस अल्क्विस्ट गायिका झाली आणि पॉला तिचा वारसा चालवू पाहणारी शिष्या. सुरुवातीच्या शिकवणीतच तिच्या गुरूच्या ध्यानात येते की, प्रेमात सुखावलेल्या या मुलीला शोकांतिका गाता येत नाही. ती गाणे सोडते. त्यानंतर तिच्या आवाजाचा उतरता प्रवास सुरू होतो. गाण्याकडून बोलण्याकडे, बोलण्याकडून अडखळण्याकडे, आणि शेवटी नवऱ्याच्याच वाक्यांची पुनरुक्ती करण्याकडे. अमेरिकन तत्त्वज्ञ स्टॅन्ली कॅव्हेल यांनी 'कॉन्टेस्टिंग टिअर्स' (१९९६) या ग्रंथात या आवाज हिरावण्याचे सूक्ष्म विवेचन केले आहे, आणि स्त्रीच्या भावनाट्याकडे दुय्यम म्हणून पाहणाऱ्या समीक्षेला त्यानंतर आपली भूमिका तपासावी लागली. दुसरा बदल मात्र कृतीला उणेपणा आणणारा आहे. म्हाताऱ्या, मिस्कील रफच्या जागी जोसेफ कॉटनचा तरुण कॅमरून आला. सोडवणारा पुरुष भावी प्रियकर असण्याची शक्यता निर्माण होताच पॉलाची सुटका ही एका पुरुषाच्या छायेतून दुसऱ्याच्या छायेत जाण्यासारखी वाटू लागते. शेजारीण मिस थ्वेट्स अखेरीस दोघांना एकत्र पाहून चकित होते. तेथे प्रेक्षागृहात हशा पिकतो. बाजारपेठेला दिलेली ही सूट आहे.

१९४० च्या दशकात अशा कथांचे हॉलिवुडमध्ये पीक आले होते. 'रिबेका' (१९४०), 'सस्पिशन' (१९४१), 'ड्रॅगनविक' (१९४६), 'अंडरकरंट' (१९४६) या सर्वांत नववधू, मोठे घर आणि संशयास्पद नवरा आहे. डायान वॉल्डमन यांनी १९८४ मध्ये आणि मेरी अ‍ॅन डोन यांनी 'द डिझायर टू डिझायर' (१९८७) मध्ये या प्रकाराची स्त्रीवादी चिकित्सा केली. युद्धकाळातील घाईची लग्ने, स्त्रियांचे कामावर जाणे आणि परतणाऱ्या पुरुषांविषयीची धास्ती यांच्याशी या चित्रपटांचा संबंध वेळोवेळी जोडला गेला आहे. हे स्पष्टीकरण चित्रपटांच्या स्वागतापुरते पटणारे आहे. 'गॅसलाइट'च्या उगमाला ते लागू पडत नाही, कारण नाटक युद्धापूर्वीचे आहे, आणि ते लिहिणाऱ्या हॅमिल्टनला लग्नसंस्थेइतकीच किंवा त्याहून अधिक ओढ क्षुद्र हुकूमशहांच्या अभ्यासाची होती. 'द स्लेव्ह्ज ऑफ सॉलिट्यूड' (१९४७) या कादंबरीत खानावळीच्या जेवणाच्या टेबलावरून सर्वांना छळणारा त्याचा थ्वेट्स पाहिला की जॅक मॅनिंगहॅमचे गोत्र कळते. (चित्रपटातल्या शेजारणीला हेच आडनाव लाभले, हा योगायोगच, कादंबरी नंतरची आहे.) डोन यांचे विवेचन अधिक खोलवर जाते. या चित्रपटांत घर हेच स्त्रीला परके होते आणि पाहण्याचा अधिकार तिच्याकडून काढून घेतला जातो, हे त्यांनी दाखवले. तथापि 'संशयग्रस्त स्त्रीचे चित्रपट' असे नाव या प्रकाराला देताना समीक्षेनेही नकळत नवऱ्याचीच परिभाषा स्वीकारली, असे म्हणावेसे वाटते. पॉलाला संशयाचा विकार नाही. तिने जितका संशय घ्यायला हवा होता तितका घेतला नाही, ही तिची अडचण आहे.

'द मॅडवुमन इन द अ‍ॅटिक' (१९७९) या गिल्बर्ट आणि गूबर यांच्या ग्रंथापासून माळ्यावरची वेडी स्त्री ही समीक्षेतील एक प्रतिमा झाली आहे. 'जेन एअर' (१८४७) मध्ये रॉचेस्टरची पत्नी बर्था माळ्यावर कोंडलेली आहे. तिचे हसणे आणि पावले खालच्या मजल्यावरील जेनला ऐकू येतात, आणि ते दुसऱ्याच कोणाचे असल्याचे तिला सांगितले जाते. 'गॅसलाइट'ने या घराची उलथापालथ केली. येथे स्त्री खाली आहे आणि माळ्यावर पुरुष आहे. त्याने फाडलेल्या खुर्च्या आणि उसवलेले कपडे पाहिले, रत्नांविषयी बोलताना त्याच्या डोळ्यांत येणारी चमक पाहिली की माळ्यावर वेड आहेच हे पटते. फक्त त्याला कोणी वेड म्हणत नाही, कारण त्याच्याजवळ किल्ली आहे. दोन्ही कृतींत खालच्या स्त्रीने वरचा आवाज ऐकलेला असतो आणि दोन्हींत तो नाकारला जातो. या दृष्टीने पॉला बर्थाची वारस ठरत नाही. ती जेनची बहीण आहे.

एलिझाबेथच्या एका प्रसंगाकडे समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. कॅमरून येऊन गेल्यावर ग्रेगरी परततो आणि त्याला मेज फोडलेले दिसते. पॉला सांगते, एक माणूस आला होता. एलिझाबेथला बोलावले जाते. ती मालकिणीवर माया करणारी आहे. आलेल्या माणसाचे नाव निघाले तर बाईसाहेब अडचणीत येतील असे वाटून ती ठामपणे सांगते, कोणीही आले नव्हते. पॉला कोसळते. ग्रेगरीने महिनोन्महिने खपून जे पूर्ण केले नव्हते ते एका मायेच्या खोट्याने क्षणात पूर्ण होते. तो माणूसही आपण स्वप्नात पाहिला असावा, असे ती मानू लागते. दुष्टाने नाकारले काय आणि हितचिंतकाने नाकारले काय, नाकारल्या गेलेल्या डोळ्यांना फरक कळत नाही. अपप्रवृत्त नवरा आणि निरागस पत्नी एवढ्यापुरती ही कथा मर्यादित राहिली असती, तर हा प्रसंग लिहिला गेला नसता. साक्ष ही हेतूवर अवलंबून नसते, ती दिली जाते किंवा दिली जात नाही, हे पटकथाकारांनी येथे ओळखले आहे. आजच्या 'गॅसलायटिंग'च्या व्याख्यांत छळणाऱ्याच्या मनातील हेतूला जे मध्यवर्ती स्थान मिळाले आहे, त्याला हा प्रसंग अडचणीचा आहे.

शेवट सर्वांच्या स्मरणात राहणारा आहे. ग्रेगरीला माळ्यावर खुर्चीला बांधलेले असते. पॉला त्याच्याशी एकटीने बोलण्याची परवानगी मागते. तो सुरीने दोर कापण्याची विनवणी करतो. ती सुरी हातात घेऊन, आपण वेड्या आहोत, हरवणाऱ्या आणि विसरणाऱ्या आहोत, वेडी नसतो तर मदत केली असती, अशा अर्थाचे बोलते. इतके दिवस लादलेले वेड ती भूमिकेसारखे अंगावर घेते. मराठीत 'वेड घेऊन पेडगावला जाणे' ही म्हण कळूनही न कळल्याचे सोंग करणाऱ्यासाठी आहे. त्या म्हणीतला धूर्तपणा पॉलाच्या या भाषणात नाही, पण सोंगामागचे भान तेच आहे. जिला वेड वापरता येते ती वेडी नाही, हे सिद्ध करण्यासाठी मग डॉक्टरांची आवश्यकता उरत नाही. बर्गमनला या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले ते मुख्यतः या प्रवेशाच्या बळावर, असे म्हणण्याचा मोह होतो. कलादिग्दर्शनाचे ऑस्करही चित्रपटाला मिळाले. खच्चून भरलेल्या त्या दिवाणखान्यात, जेथे एखादी वस्तू हरवणे अगदी सहज शक्य वाटते, ते सार्थ आहे. अँजेला लान्सबरी हिची नॅन्सी ही पडद्यावरची पहिलीच भूमिका होती आणि तिलाही नामांकन मिळाले.

चित्रपट विसरला जाऊ लागला तसा शब्द सुटा झाला. ऑक्सफर्डच्या कोशातील क्रियापदाचा दाखला १९६१ मधील, मानववंशशास्त्रज्ञ अँथनी वॉलेस यांच्या ग्रंथातील आहे. १९६९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात बार्टन आणि व्हाइटहेड यांनी 'गॅसलाइट'च्या नावानेच एक लेख लिहिला. निरोगी माणसाला मनोरुग्णालयात पाठवण्यासाठी जवळच्यांनी रचलेल्या कारस्थानांची प्रकरणे त्यात होती. तोपर्यंत शब्द इस्पितळाच्या दाराशीच घुटमळत होता. म्हणजे कृतीशी इमान राखून होता. १९८१ मध्ये कॅलेफ आणि वाइनशेल या मनोविश्लेषकांनी तो दोन मनांमधील व्यवहारासाठी वापरला. दुसऱ्याने आपल्या मनातले नकोसे समोरच्याच्या मनात ढकलावे आणि समोरच्याने ते स्वतःचे म्हणून स्वीकारावे, या प्रक्रियेला त्यांनी हे नाव दिले. येथे घर, दागिने, डॉक्टर, कायदा हे सर्व गळून पडले. पुढे रॉबिन स्टर्न यांच्या पुस्तकाने (२००७) तो नातेसंबंधांच्या लोकप्रिय मानसशास्त्रात आणला, आणि नंतर राजकारणात, कार्यालयांत, साध्या मतभेदातही तो ऐकू येऊ लागला. पेज स्वीट या समाजशास्त्रज्ञ स्त्रीने २०१९ मध्ये आग्रहाने मांडले की, या प्रकाराची मुळे मनात शोधण्याऐवजी लिंगभाव आणि सामाजिक विषमता यांत शोधली पाहिजेत, आणि संस्थांची ताकद पाठीशी असेल तेव्हाच तो परिणामकारक होतो. ज्याने हॅमिल्टनचे नाटक १८८० च्या कायद्यासह वाचले आहे त्याला यात नवे काही वाटणार नाही. इंग्लंडमध्ये २०१५ च्या गंभीर गुन्ह्यांच्या कायद्याने निकटच्या नात्यातील नियंत्रक व दडपणूक करणारे वर्तन हा गुन्हा ठरवला. १८४५ च्या कायद्याने नवऱ्याच्या हाती जे दिले होते त्याचा हिशेब तेथवर येऊन पोहोचला.

मराठीत या शब्दासाठी पर्याय शोधले जातात तेव्हा 'दिशाभूल', 'मानसिक छळ' असे शब्द पुढे येतात. ते दुबळे आहेत. 'वेड्यात काढणे' हा आपल्याकडे जुना, घरगुती वाक्प्रचार आहे आणि त्यात क्रिया करणारा, तिचा बळी आणि काढण्याची कृती ही तिन्ही शाबूत आहेत. पण त्याचा वापर चेष्टेच्या अंगाने होतो. बाजारात दुकानदारही गिऱ्हाइकाला वेड्यात काढतो. गंभीर अर्थासाठी 'वेडी ठरवणे' हेच अधिक नेमके, कारण त्यात ठरवणाऱ्यांची संख्या आणि अधिकार यांची जाणीव आहे. नवरा ठरवतो, दोन डॉक्टर ठरवतात, मोलकरीण ठरवते, कधी मायेने ठरवते. या दोन्ही मराठी शब्दप्रयोगांत एक गोष्ट मात्र नाही, आणि ती इंग्रजी शब्दात, त्याचा अर्थ विसरला गेला असला तरी, शिल्लक आहे. ती म्हणजे माळ्यावर कोणीतरी दिवा लावला की खालच्या खोलीत खाली येणारी ज्योत.